नैराश्याची गोळी: पहिले सहा आठवडे

(दृश्य: जिल्हा रुग्णालय. मानसोपचार विभागाबाहेरचा बाक, मांडीवर जाडजूड फाईल.)

नैराश्य घेऊन आलेला माणूस ‘मला नैराश्य आलंय’ असं सहसा सांगत नाही. डोकं जड असतं, अंग मोडून येतं, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, असं सांगतो. तोवर ईसीजी, सोनोग्राफी सगळं करून झालेलं असतं, आणि सगळं ‘नॉर्मल’ असतं.

डॉक्टर नऊ लक्षणं विचारतात. मन खिन्न असणं, कशातच गोडी न वाटणं, या दोनांपैकी एक तरी हवंच. शिवाय झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालीतला मंदपणा किंवा तगमग, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार. नवांपैकी पाच, बहुतेक रोज, किमान दोन आठवडे टिकली आणि कामकाज अडू लागलं, तर तो आजार.

गोळी लिहिण्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघितलेलं बरं. यांतल्या कमतरताही हुबेहूब असाच थकवा देतात. आणि एक प्रश्न टाळून चालत नाही: ‘कधी चार-आठ दिवस झोप न घेताही अंगात प्रचंड उत्साह, वारेमाप खर्च, अखंड बडबड, असं झालं होतं का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर आजार बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह आलटून-पालटून येणारा, असू शकतो. तिथे नुसती नैराश्याची गोळी दिली, तर माणूस दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो.

(दृश्य: औषधाची चिठ्ठी, त्यावर दोन गोळ्यांची नावं.)

आता ही चिठ्ठी नीट बघा. पहिली गोळी नैराश्यावरची, एसिटॅलोप्रॅम, पाच किंवा दहा मिलिग्रॅम, नाश्त्यानंतर. दुसरी झोपेसाठी, क्लोनाझेपामसारखी, रात्री, मोजक्या दिवसांसाठी. पुष्कळ उपचार इथेच उलटे होतात.

पहिली गोळी आठवडाभर त्रासच देते. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता. ही गोळी सेरोटोनिन या रसायनावर काम करते, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असतं, म्हणून आधी पोट कुरकुरतं. मनाला मात्र अजून काहीच वाटत नाही. दुसरी गोळी त्याच रात्री शांत झोपवते. मग रुग्ण स्वतःच निवाडा करतो: ‘ही मानवत नाही, ती छान आहे.’ आजारावरची गोळी सुटते. जिची सवय लागते ती चालू राहते, वर्षानुवर्षं, औषधाच्या दुकानातून परस्पर. ‘या गोळ्यांची सवय लागते’ ही लोकांची भीती खरी आहे, फक्त चुकीच्या गोळीला चिकटली आहे.

मळमळ बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरते. झोप, भूक आधी सुधारतात. मन उचलायला चार ते सहा आठवडे लागतात.

मधला काळ जपायचा. अंगात बळ येतं, पण आशा अजून आलेली नसते. विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. गोळ्यांची पाकिटं घरच्यांनी स्वतःजवळ ठेवायची, शेतीचं घर असेल तर कीटकनाशक कुलपात. ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटं न सोडता रुग्णालय गाठायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

पुरेशा मात्रेत सहा आठवडे घेऊनही फरक नसेल, तर मात्रा वाढवतात किंवा औषध बदलतात. पहिल्याच औषधानं पूर्ण बरं न वाटणारे पुष्कळ असतात.

वयस्कर माणसांत सोडियमकडे लक्ष हवं, त्यातही रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. सोडियम उतरलं की माणूस बरळतो, तोल जातो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. तरुणांचा त्रास वेगळा: लैंगिक इच्छा कमी होते. लाजेनं कुणी बोलत नाही, गुपचूप गोळी सोडतात. यावर मात्रा किंवा औषध बदलण्याचा उपाय आहे.

(दृश्य: गोवा. प्राथमिक आरोग्य केंद्राची पडवी.)

गोळीइतकंच बोलणंही कामी येतं. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या प्रकल्पात मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका घेतल्या. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले आकडे: तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, नेहमीचेच, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांतले ३९ टक्के.

पद्धत साधी वाटते, पण शिस्तीची आहे. आठवडाभर दिवसाचा तपशील लिहायचा, कशानं किंचित बरं वाटलं ते हेरायचं, आणि ते वेळ ठरवून करायचं. मन लागण्याची वाट बघायची नाही. ‘व्यायाम करेन’ असं नको. ‘संध्याकाळी सहाला देवळापर्यंत जाऊन येईन’ असं हवं. ठरवलेलं जमलं नाही, तर ते अर्ध्यावर आणायचं.

पूर्ण बरं वाटल्यावरही गोळी सहा ते नऊ महिने चालू ठेवावी लागते. आजार पुन्हा पुन्हा झाला असेल, तर दोन वर्षं किंवा जास्त. बंद करताना मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात. एकदम सोडली तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. हे एक-दोन दिवसांतच सुरू झालं, तर ते बहुधा गोळी तोडल्याचं असतं. आजार पुन्हा येतो तेव्हा सावकाश येतो, काही आठवड्यांनी, आणि बऱ्याचदा पहाटे तीनच्या जागेपासून.