आठ पायांची चिप

ग्राफिक्स कार्डावरची ही चिप बघा. करंगळीच्या नखाहून लहान, दोन्ही बाजूंना चार-चार पाय. पंखे आणि हीटसिंकच्या पसाऱ्यात ती सहसा नजरेतच येत नाही. पण कॉम्प्युटर सुरू झाल्यावर स्क्रीनवर पहिलं अक्षर उमटतं ते हिच्यातल्या फर्मवेअरच्या, म्हणजे चिपमध्येच साठवलेल्या सॉफ्टवेअरच्या जोरावर. त्याला म्हणतात व्हीबायॉस. ग्राफिक्स चिपचा वेग, व्होल्टेज, किती वॉटपर्यंत वीज ओढायची, पंखा कधी फिरवायचा, मेमरीचं टायमिंग, सगळं यातच लिहिलेलं असतं.

हे फर्मवेअर बदलायचं म्हणजे कार्ड फ्लॅश करायचं. या चिपमधल्या फ्लॅश मेमरीत जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं. पुसलं की प्रत्येक बिट १ होतो, मग हवा तिथे ० उमटवत जायचं. म्हणजे काही क्षण असे येतात की जुनं गेलेलं असतं आणि नवं पुरतं आलेलं नसतं. नेमकी तेव्हाच वीज गेली किंवा मशीन हँग झालं, तर पुढच्या वेळी समोर नुसता काळा स्क्रीन.

विजेची भीती सगळ्यांनाच असते. मला त्याहून जास्त धास्ती वाटते ती चुकीच्या फाइलची. एकाच मॉडेलची दोन कार्डं घ्या. खोका सारखा, पंखे सारखे, पण एकावर सॅमसंगची मेमरी आणि दुसऱ्यावर मायक्रॉनची. एकाची फाइल दुसऱ्यावर बिनबोभाट चढते, डेस्कटॉपही उघडतो. पण त्या फाइलमध्ये आपल्या मेमरीचं टायमिंग नसेल, तर गेम लावला की रंगीत चौकोन नाचायला लागतात.

एनव्हीडियाची अलीकडची कार्डं फाइलची डिजिटल सही तपासतात. पण सही एवढंच सांगते की फाइल खरी आहे. ती तुमच्या बोर्डाची आहे असं नाही. बोर्डाचा आयडी जुळला नाही तर एनव्हीफ्लॅश हा फाइल चढवायचा प्रोग्राम इशारा देतो, आणि लोक कमांडमध्ये ‘-६’ टाकून तो इशाराच बाजूला सारतात! कृपा करून असं करू नका.

अधिकृत अपडेटलाही मर्यादा असतात. जानेवारी २०२० मध्ये आरएक्स ५६०० एक्सटी हे कार्ड बाजारात येता येता ते बनवणाऱ्या एएमडीने नवा व्हीबायॉस दिला. मेमरीचा वेग सेकंदाला १२ वरून १४ गिगाबिटवर नेता येणार होता, पण काही मॉडेलं १२ वरच ठेवली गेली.

म्हणून फ्लॅश करण्याआधी आपल्याच कार्डाची मूळ फाइल सेव्ह करा आणि ती पेनड्राइव्हवरही ठेवा. कार्डावर ड्युअल बायॉसचा, म्हणजे दोन व्हीबायॉसपैकी एक निवडायचा स्विच असेल तर एक बाजू कधीच छेडू नका. स्विच नसेल आणि कार्ड बंद पडलं, तर प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर (ते असेल तर) मशीन चालू करून मूळ फाइल पुन्हा चढवता येते.

तेही जमलं नाही तर उरतं प्रोग्रामर नावाचं उपकरण: चिपच्या आठही पायांना क्लिप लावून बाहेरून लिहायचं. क्लिप लावण्याआधी भिंगातून चिपवरचा नंबर वाचा. काही चिप ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ च्या. १.८ ची निघाली तर मध्ये अडॅप्टर हवाच.