हजार पौंडांचा आल्फ

नमस्कार, श्रोतेहो. फेब्रुवारी १९०५. इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या मिडल्सब्रो या फुटबॉल क्लबने शेजारच्या संडरलंड क्लबकडून आल्फ कॉमन नावाचा फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचा खेळाडू, विकत घेतला आणि त्याचे मोजले तब्बल १००० पौंड! एका खेळाडूपायी तोवर कुणी एवढे पैसे ओतले नव्हते. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. माणसांचा काय बाजार मांडलाय, असा एकंदर सूर.

मिडल्सब्रोचाही नाइलाज होता. पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागातून खाली घसरायची वेळ आली होती, आणि परगावी जाऊन सामना जिंकल्याला जवळजवळ दोन वर्षं होत आली होती. नव्या संघाकडून आल्फचा पहिला सामना पडला नेमका शेफिल्डला, ब्रॅमल लेनवर. हे त्याचं जुनं मैदान. १९०२ साली याच शेफिल्ड युनायटेडसाठी त्याने एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोल केला होता. तो सामना बरोबरीत सुटला, पण फेरलढतीत कप शेफिल्डला मिळाला. आता त्याच जुन्या सोबत्यांविरुद्ध त्याने पेनल्टी मारली. मिडल्सब्रो १–० ने जिंकला, आणि मोसमाअखेर पहिल्या विभागात टिकलाही.

आता तुम्ही विचाराल, या हजारातले आल्फच्या खिशात किती पडले? आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय. तिथे बोलीचे पैसे खेळाडूचे. इथे ते गेले एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे. खेळाडूला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही, असा १९०१ पासून फुटबॉल असोसिएशनचा, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या नियामक संस्थेचा नियमच होता. म्हणजे १००० पौंड कमवायला आल्फला २५० आठवडे, जवळपास पाच वर्षं लागली असती. क्लब मग चोरून वरकड पैसे द्यायचे, हे उघड गुपित. पुढे मिडल्सब्रोचेच हिशेब तपासले गेले आणि बहुतेक संचालकांवर बंदी आली.

असोसिएशनने १९०८ मध्ये खेळाडूच्या किमतीवरच ३५० पौंडांची मर्यादा घातली. ती काही महिन्यांतच गुंडाळावी लागली. पगारावरची मर्यादा मात्र राहिली! मला तरी यात क्लबांची सोय तेवढी दिसते.

आल्फ आडव्या बांध्याचा, विनोदी माणूस. मिडल्सब्रोनंतर तो वूलिच आर्सेनल आणि प्रेस्टन नॉर्थ एंडकडून खेळला, १९१४ मध्ये निवृत्त झाला, मग डार्लिंग्टनला पब चालवू लागला. १९४६ साली तो वारला. पगाराची ती मर्यादा उठायला १९६१ उजाडलं.