टिनाच्या पेटीतली समुद्री दुर्बीण

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या विदर्भाला समुद्र नाही, पण समुद्रावरच्या दुर्बिणी मात्र इथे सापडतात. कोणाचे आजोबा फौजेत होते, कोणी लिलावात घेतली, कोणाला भंगारात मिळाली. वाड्यातली टिनाची पेटी उघडली की काळी, जडशीळ, दोन नळ्यांची दुर्बीण हाती येते. मग घरात एकच चर्चा सुरू होते, हिचे किती येतील? माझं म्हणणं असं की किंमत नंतर काढा. आधी हिच्यातून दिसतं कसं ते पाहा, कारण जुन्या दुर्बिणीची तब्येत बाहेरच्या रंगावरून कळत नाही.

ओळख पटवणं त्यातल्या त्यात सोपं. डोळ्याकडच्या बाजूच्या पत्र्यावर काय कोरलंय ते बघा. तीन रेघांचा बाणासारखा ठसा असेल तर ती ब्रिटिश सरकारची मालमत्ता होती. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीची सीएफ ४१ ही ब्रिटिश नौदलाची गाजलेली दुर्बीण. तिच्यावर एपी १९०० ए असा नौदलाचा नमुना क्रमांकही असतो. जर्मन दुर्बिणीवर दुसऱ्या महायुद्धात कंपनीचं नाव न घालता तीन अक्षरांचा संकेत घालत. बीएलसी म्हणजे येना गावची झाइस कंपनी. पण नुसत्या ठशावर भाळू नका. पितळेच्या चकचकीत, जुन्या सनाच्या दुर्बिणी आजही शोभेसाठी तयार होतात. आणि खऱ्या दुर्बिणीचीही गंमत आहे. पहिल्या महायुद्धात युरोपातून काच येणं थांबलं, तेव्हा अमेरिकन नौदलाने लोकांकडून घरच्या दुर्बिणी उसन्या मागितल्या होत्या. ते आवाहन करणारे तेव्हाचे नौदलाचे सहायक सचिव म्हणजे पुढे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट. त्यामुळे नौदलात वापरलेली प्रत्येक दुर्बीण नौदलासाठीच बनलेली असते असं नाही.

आता खरी तपासणी. अंधाऱ्या खोलीत या. डोळ्याकडच्या भिंगातून बारीक टॉर्चचा उजेड आत सोडा आणि मोठ्या भिंगाकडून तिरकं पाहा. धूळ दिसेल, तिची काळजी करू नका. चार कणांनी काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर ती बुरशी. ती काचेला खाते, आणि एकदा काच खाल्ली गेली की पुसून डाग जात नाही. सगळीकडे सारखा दुधी पडदा दिसला तर तो बहुधा ग्रीसच्या वाफेचा. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवलेली पेटी किती तापते ते सांगायला नको. ग्रीस पातळ होतं, त्यातलं तेल उडून आतल्या काचेवर बसतं. मग मृग लागतो, हवा दमट होते आणि बुरशीला रान मोकळं. हा पडदा मात्र जाणकार कारागीर साफ करू शकतो, म्हणून बुरशी आणि पडदा यांतला फरक ओळखायला शिका. मोठ्या भिंगाच्या कडेने पिवळट झाक किंवा इंद्रधनुषी डाग असतील तर दोन काचा जोडणारा कॅनडा बाल्समचा डिंक सुटू लागलाय. ते काम खर्चाचं.

पुढची परीक्षा दिवसाची. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा. सूर्याकडे चुकूनही नको. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचं एकेक गोल वर्तुळ दिसेल. दोन्ही सारखी गोल, सारखी उजळ हवीत. एक बाजू कापल्यासारखी असेल तर आतलं प्रिझम, म्हणजे उजेड वळवणारा काचेचा लोलक, सरकलंय; दुर्बीण बहुधा कधीतरी पडली आहे.

हे वर्तुळच नौदलाच्या दुर्बिणीचं मर्म. ७ बाय ५० म्हणजे वस्तू सात पट मोठी आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. ५० ला ७ ने भागा, सुमारे ७ मिलिमीटरचं वर्तुळ येतं. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते, म्हणून रात्रीच्या पहाऱ्याला हे माप ठरलं. आपल्याकडे जागलीला गेलेल्या माणसाला धुऱ्यावरचा रोही की रानडुक्कर हे चांदण्यात ओळखायला अशी दुर्बीण कामाची. वय वाढलं की बाहुली तेवढी उघडत नाही. तेव्हा आजोबांना नातवापेक्षा कमी उजेड दिसला तर दोष दुर्बिणीला देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही नळ्यांची रेषा. दूरच्या देवळाच्या कळसावर नजर लावा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर मागे न्या. दोन्ही भिंगांतला कळस एकाच उंचीवर राहिला पाहिजे. आडव्या दिशेचा थोडा फरक डोळे सांभाळून घेतात, पण एक कळस वर आणि एक खाली असेल तर ते त्यांना झेपत नाही. पाच मिनिटांत डोकं दुखतं. दुखण्याला आपण नंबरचा चष्मा शोधतो आणि दोष असतो नळ्यांच्या रेषेत. बाहेरून कितीही देखणी असो, हा दोष दुरुस्त होणार नसेल तर अशी दुर्बीण कपाटातच शोभते.

भिंगांवर निळसर झाक नाही म्हणून मात्र घाबरू नका. उजेड परत फेकला जाऊ नये म्हणून काचेवर पातळ थर देण्याची युक्ती झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली काढली. त्याआधीच्या दुर्बिणीला हा थर असणारच नाही. बिनथराच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के उजेड परतवतो; असे दहा पृष्ठभाग धरले तर जवळपास एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. ते त्या काळाचं माप, दोष नव्हे.

आणि कृपा करून चिंच, राख किंवा पॉलिश लावून घासू नका. पितळेवरचा मूळ काळा रंग झिजलेला असला तरी तोच अस्सलपणाचा पुरावा. फोकसची कडी जाम असेल तर पकड लावून फिरवू नका, तेल तर अजिबात सोडू नका. ते थेट प्रिझमपर्यंत जातं. चामड्याच्या डब्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यात पितळ कळकतं आणि काचेला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, घरातल्या थंड भिंतीच्या कपाटात ठेवा. दुरुस्तीला देणार असाल तर स्क्रूच्या खाचा आधी नीट पाहून घ्या. खरचटलेल्या असतील तर दुर्बीण याआधी कोणीतरी उघडलेली आहे, हे कारागिराला आधीच सांगा. आणि प्रिझम काढण्याआधी त्यांच्या जागेवर पेन्सिलीची खूण करून घ्यायला सांगा.