एसएटी, एनसीएए आणि अकरावीचा फॉर्म

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अमेरिकेत खेळाच्या स्कॉलरशिपसाठी एसएटीला, म्हणजे तिथल्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेला, किती गुण लागतात? त्याआधी हे विचारा, की गुण मागतंय कोण. कॉलेज-स्पर्धा चालवणारी एनसीएए आता मागत नाही. तिच्या तीन स्तरांपैकी डिव्हिजन एक आणि दोनच्या पात्रतेतली एसएटीची किंवा तशाच एसीटी परीक्षेची अट जानेवारी २०२३मध्ये गेली. विद्यापीठाचा प्रवेश मात्र वेगळा कारभार. फ्लोरिडातली सरकारी विद्यापीठं, जॉर्जिया टेक, ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ गुण मागतात. कॅलिफोर्नियाची सरकारी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) विद्यापीठं प्रवेश ठरवताना ते बघतच नाहीत. कोचला तुमची मुलगी कितीही हवी असली, तरी शेवटचा शब्द अ‍ॅडमिशन ऑफिसचा. आणि आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ विद्यापीठं) किंवा डिव्हिजन तीनमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच. तिथे आर्थिक मदत मिळाली तर ती दुसऱ्या निकषांवर.

माझ्या मते खरी मेख आहे अकरावीच्या फॉर्ममध्ये. डिव्हिजन एकला नववी ते बारावीत १६ ‘कोअर’, म्हणजे पात्रतेसाठी मोजले जाणारे मुख्य, विषय लागतात, एक विषय एक वर्ष असा हिशोब: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, या तिघांपैकी कुठलाही आणखी १, सामाजिक शास्त्रं २, उरलेले ४ या विषयांतले किंवा भाषांसारखे. आता आपल्या बोर्डाचा कॉमर्सचा खेळाडू बघा. सरावाला वेळ मिळावा म्हणून तो गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतो. गणिताची वर्षं झाली नववी आणि दहावी, दोनच. तिसरं कुठून आणणार? तो ‘आणखी १’ही राहून जातो, कारण विज्ञानसुद्धा दहावीलाच संपलेलं असतं. कॉमर्समध्येच गणित ठेवलं की दोन्ही खड्डे भरतात. आर्ट्सलाही हाच नियम. कोअर विषयांची सरासरी ४ पैकी किमान २.३ हवी, डिव्हिजन दोनला २.२, टक्क्यांचं रूपांतर एनसीएएच करते. नववीची गुणपत्रिका जपून ठेवा. कागदपत्रं तिथपासूनची लागतात, आणि मराठीत असतील तर ओळीला ओळ इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

दुसरी अडचण वर्षाची. नववीत पाऊल टाकलं की घड्याळ सुरू. स्पर्धांसाठी अकरावीला वर्षभर थांबलात, तर ठरल्या वेळेनंतर केलेले विषय डिव्हिजन एक सहसा धरत नाही. डिव्हिजन दोन त्यात सैल आहे. ‘हातात काहीतरी असू दे’ म्हणून इथे एफवायला नियमित प्रवेश घेऊन बसू नका. मग तो खेळाडू नवा राहत नाही, ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेला, ठरतो, आणि त्याचे नियम निराळे.

आता एसएटी. २ तास १४ मिनिटं, लॅपटॉप किंवा टॅबलेटवर ब्लूबुक अ‍ॅपमध्ये. वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न, गणिताचे ४४. दोन्ही विभागांचे दोन-दोन भाग. पहिला भाग कसा गेला यावर दुसरा अवघड की सोपा ते ठरतं, आणि सोपा वाट्याला आला तर वरचे गुण हाती लागत नाहीत. म्हणून पहिल्या भागात घाई नको. चुकीला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका. गणितात डेसमॉस कॅल्क्युलेटर आत दिलेलाच असतो. तो सरावात वापरला नसेल तर परीक्षेत मदतीपेक्षा गोंधळच जास्त.

पहिली खेप अकरावी संपल्यावर मे-जूनमध्ये, दुसरी ऑगस्टमध्ये. बारावीच्या मार्चवर भिस्त ठेवू नका: बोर्ड तेव्हाच असतं, आणि तोवर बऱ्याच कोचचे संघ भरत आलेले असतात. टोफेल-आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षं चालतात, दहावीत ती घाई कशाला? काही ठिकाणी इंग्रजी माध्यमाचा दाखलाही पुरतो.

नावाचंही बघा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं; पासपोर्टवर क्रम वेगळा. एसएटी, एनसीएए आणि विद्यापीठाचा अर्ज, तिन्हीकडे पासपोर्टवरचंच नाव अक्षरन् अक्षर टाका, नाहीतर एकाच मुलाचे गुण एका नावावर आणि अर्ज दुसऱ्या नावावर पडून राहतो.