फाडलेल्या कागदांची पोती

या पोत्यांत रद्दी नाहीये, पुरावा आहे. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे श्टाझीने, टराटरा फाडलेले कागद. अशी साधारण 16 हजार पोती भरली होती.

झालं असं की 9 नोव्हेंबर 1989 ला बर्लिनची भिंत उघडली आणि श्टाझीच्या ऑफिसांत धांदल उडाली, आता लोक घुसणार, फायली हाती लागणार, जे जमेल ते संपवा. मशीन पुरेनात, मग साहेब लोक हातानेच फाडत बसले. एरफुर्ट या पूर्व जर्मन शहरात लोकांना श्टाझीच्या ऑफिसच्या चिमणीचा धूर दिसला, काय जळतंय ते कळायला वेळ लागला नाही, आणि 4 डिसेंबरला ते सरळ ऑफिसात शिरले. पुढाकार बायकांचा होता, हे आवर्जून सांगते. बर्लिनच्या हेडक्वार्टरमध्ये लोक शिरले ते 15 जानेवारी 1990 ला.

एवढं होऊनही उरलं किती, तर रॅकवर ओळीने लावलं की 111 किलोमीटर!

आता यात एक माणूस शोधायचा कसा? तुम्हाला वाटेल नाव टाकलं की फाईल येईल. नाही येत. श्टाझीकडे कार्डांचे गठ्ठे होते, त्यातले दोन महत्त्वाचे. पहिला एफ 16, त्यात खरं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक नोंदणी नंबर. पण हा माणूस खबऱ्या होता की त्याच्यावरच पाळत होती, ते त्या कार्डावरून कळत नाही. तो नंबर घेऊन दुसऱ्या गठ्ठ्याकडे जायचं, एफ 22 कडे, तिथे केस कसली, टोपणनाव काय ते सापडतं, पण खरं नाव तिथे नसतं. मुद्दामच तसं केलेलं, म्हणजे एकच कार्ड पाहून कुणाला पूर्ण गोष्ट कळू नये. आणि एफ 16 ची कार्डं स्पेलिंगने नाही, उच्चाराने लावलेली, मायर हे आडनाव जर्मनमध्ये चार-पाच तऱ्हांनी लिहितात, ते सगळे एका जागी (आपल्याकडे इंग्रजीत चौधरी किती प्रकारे लिहितात आठवा). गंमत अशी की आजही या फायली सांभाळणाऱ्या अर्काइव्हमधले लोक हीच दोन कार्डं जोडून शोध घेतात, ज्यांनी लपवायला सिस्टीम बनवली त्यांच्याच सिस्टीमने. रिसर्चरला स्वतः रॅकमध्ये फिरता येत नाही, अर्ज करायचा आणि वाट बघायची.

फाईल आली तरी हुरळून जाऊ नका. खबऱ्या जे बोलला ते बऱ्याचदा त्याच्या साहेबाने स्वतःच्या शब्दांत उतरवलेलं असतं, आणि साहेबाला वर काम दाखवायचं असतं. त्यामुळे फाईलमध्ये काय घडलं यापेक्षा त्यांना काय दिसत होतं, कशाची भीती वाटत होती, हे जास्त नीट कळतं, माझ्या मते तोच खरा माल आहे. शिवाय बाहेरच्यांना देताना पीडितांची नावं काळी केलेली असतात.

बरं, पोत्यांचं काय झालं? 1995 पासून न्युर्नबर्गजवळ त्सिर्नडॉर्फ गावात माणसं बसून तुकडे जुळवत होती. कडा जुळव, कागदाचा रंग बघ, अक्षर बघ, मग चिकटपट्टी. अशी 500 च्या आसपास पोती झाली, त्यातून 15 लाखांवर पानं. 2007 मध्ये कॉम्प्युटरचा प्रयोग सुरू झाला, पण तुकडे स्कॅन करण्यातच गाडी अडली. आणि वाईट याचं वाटतं की हाताने फाडलेलं बरंचसं तेव्हा टेबलावर होतं, म्हणजे अगदी ताजं, चालू काम.

ज्यांच्यावर पाळत होती त्यांना जानेवारी 1992 पासून स्वतःची फाईल बघता येते, 30 लाखांहून जास्त अर्ज आलेत. त्यांना आणखी एक अर्ज करता येतो, फाईलमधल्या टोपणनावामागचं खरं नाव कळवा म्हणून. ते नाव शेजाऱ्याचं निघू शकतं, किंवा नवऱ्याचं. काही जण फाईल वाचतात आणि तो दुसरा अर्ज करतच नाहीत.