पिंगला उत्तर न देणारा संगणक टर्मिनलवरून कसा शोधावा?

नमस्कार. फोंड्याला आमच्या घराच्या तळमजल्यावर मावशीचे झेरॉक्सचे दुकान आहे. गेल्या वर्षी चवथीच्या आदल्या आठवड्यात आरत्यांच्या पुस्तिका छापायच्या होत्या, आणि रात्रीच्या पावसात वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला तेव्हा, प्रिंटर ज्या विंडोज संगणकाला जोडलेला आहे, त्याला राउटरने नवाच आयपी पत्ता दिला. सकाळी मावशी संगणक चालू ठेवून, दुकानाला कुलूप लावून, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानासाठी म्हापशाच्या बाजाराला गेली होती. वरच्या मजल्यावर माझ्या लॅपटॉपवरची छपाई अडून राहिली.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. 'आयपी ए' ही आज्ञा दिल्यावर माझा पत्ता १९२.१६८.१.७ आणि त्यापुढे /२४ असे दिसले. /२४ म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखेच, म्हणून शोधायचे ते या जाळ्यातल्या २५४ पत्त्यांमध्येच. मी प्रत्येकाला पिंग केले, म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवला. राउटरने आणि टीव्हीने उत्तर दिले, दुकानातला संगणक मात्र गप्प राहिला, कारण त्याची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारे संदेश अडवणारी व्यवस्था, पिंग आत येऊ देत नव्हती.

येथे बरेच जण शोध सोडून देतात, आणि तेच मला टाळायचे आहे. पिंग पाठवण्याआधी आपल्या यंत्राला 'हा पत्ता कोणाचा?' असे संपूर्ण जाळ्याला विचारावे लागते. हे काम एआरपी करते, १९८२ साली ठरलेला नियम. ज्याचा तो पत्ता असतो, ते यंत्र पिंगबाबत गप्प असले तरी या प्रश्नाला सहसा उत्तर देते, कारण त्याशिवाय त्याच्याशी कोणाला बोलताच येणार नाही. ते उत्तर आपल्या लॅपटॉपमध्ये काही काळ नोंदलेले राहते. म्हणून पिंगची फेरी संपताच 'आयपी नेबर' ही आज्ञा द्यावी. पाहा, १९२.१६८.१.३४ या ओळीत मॅक पत्ता, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा सहा जोड्यांचा क्रमांक, आहे आणि शेवटी 'स्टेल' लिहिले आहे, म्हणजे उत्तर आले होते, फक्त नोंद आता जुनी झाली आहे. जेथे 'फेल्ड' आहे, तेथून मात्र उत्तर आलेले नाही.

जाळ्यातली यंत्रे शोधणारा एनमॅप हा प्रोग्राम असेल तर 'हायफन एसएन' हा पर्याय वापरावा, आणि आपल्याच जाळ्यात, प्रशासकाचे अधिकार देणारा 'सुडो' पुढे लावूनच, कारण तेव्हा तो थेट एआरपीने विचारतो. सुडोशिवाय तो ८० आणि ४४३ हे वेबसाठीचे पोर्ट चाचपतो आणि विंडोजची यंत्रे त्याच्या यादीतून निसटू शकतात. हॉटेलांच्या वायफायवर पाहुण्यांची यंत्रे बहुधा एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात, तेथे यातले काहीच चालत नाही, आणि परक्या जाळ्यात परवानगीशिवाय असे शोधूही नये.

मॅक पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्या उत्पादकाच्या असतात, त्यावरून संगणक ओळखता आला. पहिल्या जोडीतला दुसरा अक्षरांक २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता बहुधा फोनने स्वतःच घडवलेला असतो. संगणकाचा मॅक पत्ता मी त्याच दिवशी राउटरच्या आरक्षणात, म्हणजे ठरावीक यंत्राला ठरावीक पत्ता देणाऱ्या यादीत, नोंदवला, त्यामुळे त्याचा ३४ हा आकडा आता बदलत नाही.