खालच्या मजल्यावरून ऐकलेला ट्विन

नमस्कार. अ‍ॅम्प म्हणजे विजेच्या गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. आजचा विषय 'मोठा अ‍ॅम्प घरात कसा वाजवावा' असा जाहीर झाला आहे. त्यावर मी बोलणारच आहे, पण आधी एक गोष्ट बोलून टाकतो, कारण ती मला फार दिवस सलते आहे. जुना मोठा अ‍ॅम्प घरी आणलेला माणूस भेटला की हमखास म्हणतो, "आवाज सुंदर आहे हो, फक्त कमी करता आला असता तर!" जणू मोठा आवाज ही त्या अ‍ॅम्पमध्ये राहून गेलेली खोट आहे. मला हे पटत नाही. मोठ्याने वाजणं हे त्याचं नेमून दिलेलं काम होतं. आपण ज्या सुराच्या मोहात पडतो, तो त्याच कामातून आलेला आहे.

हा शेजारी उभा आहे तो फेंडर कंपनीचा १९६६ सालचा ट्विन रिव्हर्ब. ८५ वॉट, बारा इंची दोन स्पीकर, मागे ६एल६ जातीच्या चार पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या काचेच्या नळ्या. वजन तीस किलोच्या आसपास. मघाशी ज्या दोघांनी जिन्यावर हात लावला त्यांचे मनापासून आभार. बाजूला हे धातूचे पाय दिसताहेत ना, ते खाली फिरवले की अ‍ॅम्प मागे कलतो आणि आवाज वादकाच्या पोटऱ्यांऐवजी कानाकडे जातो. किती विचार केलेला आहे बघा!

हे इतके वॉट आले कुठून? त्या काळात सभागृहात माइक असायचे ते गायकासाठी. गिटारचा अ‍ॅम्प स्टेजवर ठेवायचा आणि शेवटच्या रांगेपर्यंत त्यानेच पोचायचं. पुढे थेटर मोठी झाली, गर्दी आरडाओरडा करू लागली. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमाराला फेंडरच्या 'बासमन' या अ‍ॅम्पचा आराखडा समोर ठेवून अ‍ॅम्प बनायला लागले. १९६५ मध्ये 'द हू' हा रॉक बँड त्यांच्याकडे आणखी ताकद मागत होते, त्यातून शंभर वॉटचा मार्शल आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये वाजले. समोर पंचावन्न हजारांवर माणसं आणि हाताशी व्हॉक्स कंपनीचे शंभर वॉटचे अ‍ॅम्प. गायकांचा आवाज मैदानातल्या उद्घोषणेच्या यंत्रणेवरून जात होता! अ‍ॅम्पसमोर माइक लावून मोठ्या यंत्रणेतून गिटार ऐकवायची पद्धत पुढे रुळली, तेव्हा या ताकदीची गरज कमी झाली. पण अ‍ॅम्प तर बनून गेले होते. त्यातला एक माझ्या बैठकीच्या खोलीत आला.

आता घरातली हकिगत. ट्विनचा आवाजाचा नॉब एक ते दहा असतो. मी दीडवर वाजवायचो. दीड आणि दोन यांच्यामध्ये केसाएवढं अंतर, पण तेवढं सरकवलं की खोली बदलायची. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (गिटारच्या मानेवरच्या पट्टीचा) जी हा स्वर वाजवला, म्हणजे साधारण ९८ हर्ट्झ, की खिडकीची डावीकडची काच झिणझिणायची. उजवीकडची गप्प. मी काचेच्या कडेला कागदाची घडी खोचली. झिणझिण थांबली आणि मला वाटलं, प्रश्न सुटला.

मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "अरे, तू वाजवतोस ते मला आवडतं की नाही हेसुद्धा मला ठरवता येत नाही. गाणं येतच नाही खाली. नुसतं धम धम येतं." त्या गेल्यावर मी बराच वेळ गिटार हातात घेऊन तसाच बसलो. इतकी वर्षं अ‍ॅम्पचा आवाज मी अ‍ॅम्पसमोर बसूनच ऐकला होता.

पुढच्या आठवड्यात मित्राला वर बसवलं, माझाच अ‍ॅम्प, दीडवर, आणि मी काकूंच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. गिटार नव्हतीच. वरच्या पट्टीतलं सगळं स्लॅबने अडवलेलं, फक्त खर्जाच्या तारा छतातून येत होत्या, सूर नसलेल्या, गुद्द्यासारख्या. आणि त्यांच्या अधूनमधून आणखी एक ठोका, कोरडा, अगदी नियमित. मी वर फोन केला. "तू पायाने ताल धरतोयस का?" तो म्हणाला, "हो." "पाय उचल." निम्मा त्रास तिथल्या तिथे गेला! मग त्याला अ‍ॅम्प फरशीवरून उचलून जाड फोम घातलेल्या स्टँडवर ठेवायला सांगितलं. पेटी फरशीला चिकटून उभी असली की तिची थरथर थेट स्लॅबमध्ये उतरते, हवेतून जायची तिला गरजच नसते. तो पुन्हा वाजवायला लागला. काकू मान वर करून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आता कुठेतरी वाजतंय असं वाटतंय. मघाशी डोक्यावर होतं."

ज्यांच्या घरी असा अ‍ॅम्प आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. काहीही विकत घेण्याआधी एकदा खालच्या आणि शेजारच्या घरात जाऊन उभे राहा. आपल्याला ऐकू येणारा आणि त्यांना ऐकू येणारा, हे दोन वेगळे आवाज आहेत.

थोडा हिशेब सांगतो. गिटारच्या चांगल्या स्पीकरला एकच वॉट दिला तरी एक मीटरवर ९५ ते १०० डेसिबल आवाज निघतो. साधं बोलणं साठच्या आसपास असतं. म्हणजे घराचा प्रश्न एका वॉटलाच सुरू झाला. ८५ वॉट म्हणजे त्याच्यावर आणखी १९ डेसिबल. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, म्हणजे पंच्याऐंशीपट वीज घालून आवाज जेमतेम चौपट. म्हणूनच चारपैकी दोन ट्यूब काढल्या की अ‍ॅम्प घरात चालेल, या सल्ल्यात मला दम दिसत नाही. ताकद निम्मी झाली की फक्त तीन डेसिबल कमी होतात. आवाजाचा पोत थोडा बदलेल, पण काकूंना फरक कळणार नाही.

दुसरी गोष्ट कानाची. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज हळू असला की कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. त्यामुळे हाच सूर जसाच्या तसा लहान केला तरी पातळ वाटतो. त्यात ट्विनच्या ब्राइट स्विचमागे, म्हणजे आवाज उजळ करणाऱ्या बटणामागे, एक चिमुकला कॅपॅसिटर (वीज साठवणारा सुटा भाग) आहे, तो नॉब खाली असताना वरच्या पट्टीला वाट करून देतो. म्हणून दीडवर तो कानाला टोचतो, आणि पाचवर तोच गोल होतो. शिवाय अ‍ॅम्प मोठ्याने वाजत असला की स्पीकरची हवा गिटारच्या तारांवर परत येते आणि सोडलेली तार पुन्हा जिवंत होते. हाताखाली ती कळते. माझं सुरुवातीचं म्हणणं हेच, की हा भाग कुठल्याही खोक्यात भरून लहान करता येत नाही.

चिठ्ठी आली आहे, सहा मिनिटं उरली आहेत. जाहीर केलेला विषय आता भरभर घेतो.

अटेन्युएटर. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसतो आणि जादा वीज उष्णतेत घालवतो. 'बॉस्टन' बँडचे टॉम शोल्झ यांनी १९८० च्या आसपास पॉवर सोक काढला तेव्हापासून ही कल्पना सर्वांना माहीत झाली. ज्या अ‍ॅम्पचा आवाज वाढवताच लवकर फाटतो, म्हणजे खरखरीत होतो, त्याला याचा खरा उपयोग. ट्विनची ख्यातीच अशी की तो फाटत नाही, त्यामुळे इथे अपेक्षा बेताची ठेवा. ओहम, म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचा आकडा, जुळवून घ्या, ट्विनला चार लागतात. स्पीकर किंवा त्याच्या जागी योग्य लोड जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे एकूण आवाज आवरणारा आणखी एक नॉब, बसवण्यासाठी जुन्या अ‍ॅम्पला भोक पाडू नका. याबाबतीत मी कडवा आहे. साठ वर्षं टिकलेली वस्तू आहे, आपल्यानंतरही ती कुणाकडे तरी जाणार. रोजच्या रियाजाला पाच वॉटचा छोटा अ‍ॅम्प घ्या. फेंडरचा चॅम्प तेवढाच, एक ६व्ही६ ट्यूब आणि आठ इंची स्पीकर.

सुरक्षिततेचं मात्र घाईत सांगणार नाही. अशा जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पना दोन पिनांचा प्लग असे आणि एक कॅपॅसिटर मेन्समधून थेट सांगाड्याला जोडलेला असे. तो बिघडला तर गिटारच्या तारांत वीज उतरते. जाणकाराकडून तो काढून घ्या, अर्थिंगसह तीन पिनांचा प्लग लावून घ्या, वाळलेले फिल्टर कॅपॅसिटर बदलून घ्या. आत साडेचारशे व्होल्टच्या घरात दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कॅपॅसिटरमध्ये राहू शकतो. स्वतः उघडू नका.

आणि कान. अमेरिकेतली नायोश ही संस्था ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात.

माझ्या घरी आता असं ठरलं आहे. काकू संध्याकाळी फिरायला निघाल्या की जिन्यातून हाक मारतात, "निघाले रे!" बाकीच्या दोन घरांना विचारलेलं आहे. तेवढी पंधरा मिनिटं ट्विन चारवर असतो, फोमवर, आणि माझे पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर.

आज मात्र आपल्याकडे सभागृह आहे. दाराशी कानात घालायचे बोळे ठेवलेत, ते आत्ता घाला. पहिल्या दोन रांगांनी कडेला सरकावं, स्पीकरच्या अगदी समोर कुणी बसू नका. मी स्विच चालू करतोय. ट्यूब तापायला अर्धा मिनिट लागेल, तोवर गिटार जुळवून घेतो. मग पाचवर नेऊन एकच जी वाजवणार आहे. तार सोडून देईन, तेव्हा माझ्या हाताकडे बघा.